गुरुवारची गोळी

कुंदा कर्णिक यांना आयुष्यात कुणी देवी म्हटलं नव्हतं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या तेव्हा ट्रंक कॉलसाठी खोळंबलेले लोक त्यांना "ओ बाई" म्हणायचे. नवरा श्यामकांत, तो होता तोवर, "सुपरवायझर" म्हणायचा, आणि तेही घरात. त्यामुळे मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी त्या भानावर आल्या, समोर शेजारणी हात जोडून बसलेल्या दिसल्या आणि त्यांच्यातली लता आपल्या पावलांवर हळदीकुंकू वाहतेय हे पाहिलं, तेव्हा त्यांनी विचारलं,

"लता, माझ्या पायाला काय झालंय?"

"काही नाही हो कुंदाताई. आलात ना परत? झालं तर मग."

"कुठून परत?"

लताने छताकडे बोट केलं. छताच्या वर अनुपमा राहत होती, पण लताचा रोख तिच्याही वर होता.

गोष्ट बोरीवलीची, पश्चिमेची. जुनी चारमजली सोसायटी, निम्मे मराठी, निम्मे गुजराती. मार्गशीर्ष लागला की गुरुवारी महालक्ष्मीची पूजा कुंदाताईंच्या घरी मांडली जायची. कलश, नारळ, पाच पानं, वर सासूबाईंच्या वेळचा मुखवटा. दिवसभर उपवास, संध्याकाळी बायका जमायच्या आणि कहाणी कुंदाताई वाचायच्या. त्यांच्यापेक्षा चांगलं वाचणारं बिल्डिंगमध्ये कुणी नव्हतं. बहात्तराव्या वर्षीही आवाज खणखणीत होता, शब्द कसे मोत्यासारखे सुटे. उपवास, कहाणी, देवी, सगळ्यावर त्यांचा विश्वास होता. फक्त अंगात येण्यावर नव्हता. अंगात येणाऱ्या बायकांना गार पाण्याचा तांब्या दाखवावा, असं त्यांचं स्पष्ट मत होतं आणि ते त्यांनी वेळोवेळी बोलून दाखवलेलं होतं.

आणि आता त्या स्वतःच देवीच्या जागी बसलेल्या. घामाने ब्लाउज पाठीला चिकटलेला, बोटं थरथरतायत, पोथी उलटी पडलेली.

"चक्कर आली असेल," त्या म्हणाल्या.

"चक्कर आलेला माणूस उत्तरं देतो होय?" लता म्हणाली.

"कसली उत्तरं?"

लताने मागच्या एका बाईकडे हात केला. तिच्याकडून आपला मोबाईल परत घेतला.

त्या बाईने त्यावर काढलेला व्हिडिओ कुंदाताईंच्या आधी सोसायटीच्या ग्रुपवर गेला होता, आणि तिथून मुलुंडला, श्रेयसकडे. मुलाचा फोन यायच्या आत कुंदाताईंनी तो स्वतः पाहिला. एक म्हातारी डोलत होती. कहाणीतलं एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होती. मग पोथी सोडून समोर बघत म्हणाली, "लाईन बिझी आहे. थांबा. थांबा म्हटलं ना." बायकांनी कापूर पेटवला. म्हातारीने धुराने तोंड फिरवलं. वरच्या मजल्यावरच्या अनुपमाचा आवाज आला, "आई, माझ्या नमिताला बंगळूरला पाठवू का? नोकरी आहे." म्हातारी धूर हाताने ढकलत ओरडली, "नको. नको म्हणतेय ना." कुणीतरी घंटा वाजवली.

ती म्हातारी म्हणजे आपण, हे पटायला त्यांना दोनदा बघावं लागलं.

"आई, हे काय आहे?" श्रेयसचा फोन.

"मला काय विचारतोस? लताला विचार."

"व्हिडिओचं नाही गं म्हणत. तुझं म्हणतोय. हे पहिल्यांदा नाहीये. दिवाळीत तू तुझ्या सुनेला, स्वरदाला 'शैला' म्हणालीस. शैलाआत्या जाऊन किती वर्षं झाली? गॅसवर दूध ठेवून खाली गेलीस. मला एकाच दुपारी तीनदा फोन केलास, जेवलास का म्हणून."

"आई विचारणार नाही तर कोण विचारणार?"

"दुपारी चारला, आई?"

चुकतंय हे कुंदाताईंना कळत नव्हतं असं नाही. हल्ली चार-पाच वाजले की डोक्यात कुणीतरी दिवे मालवत जायचं. एक शब्द गेला, मग दुसरा, मग समोरच्याचं नाव. आणि राग यायचा, भयंकर, कशाचाही. रिमोटचासुद्धा. मग रात्री जेवल्या की सगळं परत जागेवर, आणि आपण कुणाला काय बोललो ते आठवायला लागलं की झोप उडायची. एक्सचेंजमध्ये अर्ध्या अंधेरीचे नंबर ज्या बाईला तोंडपाठ होते, तिला रिमोटला काय म्हणतात ते आठवू नये. हे सांगायचं कुणाला? सांगितलं तर श्रेयसचंच खरं ठरणार.

"मी मेंदूच्या स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट घेतलीय," तो म्हणाला. "आणि त्यांनी काहीही सांगितलं तरी तू आता एकटी राहायचं नाहीस. मुलुंडला ये. बोरीवलीचं घर भाड्याने देऊ."

"माझं घर मी असताना भाड्याने?"

"तू असताना कुठे? तू मुलुंडला."

स्पेशालिस्टकडे तपासणी सकाळी होती. घरून निघताना कुंदाताईंनी पोहे खाल्ले, वर चहा घेतला, आणि त्या केबिनमध्ये गेल्या त्या परीक्षेला जाणाऱ्या हुशार मुलीसारख्या. वार, तारीख, महिना, शंभरातून सात वजा, पुन्हा सात वजा. घड्याळ काढून दाखवा म्हटल्यावर त्यांनी काटे तर काढलेच, वर विचारलं, "सेकंदकाटा हवाय का?"

"छान आहे की," डॉक्टर म्हणाले.

"सकाळी छानच असते हो डॉक्टर," श्रेयस म्हणाला. "तुम्ही संध्याकाळी बघा."

"संध्याकाळी ओपीडी नसते. पण वय बघता सुरुवात असू शकते. लक्ष ठेवा."

बाहेर आल्यावर कुंदाताई म्हणाल्या, "पास झाले ना मी?"

"आई, ही पास-नापासाची गोष्ट नाही."

"मग तो मी नापास व्हायच्या वेळी का बघत नाही? माझी लाईन बंद कधी पडते ते तुम्ही सांगताय, आणि तपासणार चालू असताना. आमच्याकडे असा लाईनमन असता तर त्याला मी मेमो दिला असता."

श्रेयसने टॅक्सी बोलावली. तो हल्ली असाच करायचा. आई तावातावाने काही बोलली की टॅक्सी बोलवायचा, जेवण मागवायचा, गोळ्या ऑर्डर करायचा. गोळ्या तर नेमाने यायच्या, दर महिन्याला, खोक्यातून. साखरेची गोळी, रक्तदाबाची गोळी. साखरेची गोळी दिली होती नाक्यावरच्या जुन्या डॉक्टरांनी. ते दवाखाना बंद करून गावी गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. चिठ्ठी तीच, गोळी तीच. साखर रोज सकाळी उपाशीपोटी घरच्या मशीनवर तपासायची आणि ती नेहमी शाबासकी देण्यासारखी यायची. आईची साखर झकास आहे, असं श्रेयस सगळ्यांना सांगायचा.

त्या आठवड्यात कुंदाताईंनी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की कॅसेट असती तर झिजली असती. आधी लाजेने पाहिला, मग चिडून, आणि मग सवयीने, म्हणजे एक्सचेंजमधल्या सवयीने. बिघाड कुठे आहे हे शोधायचं तर बिघाड दुरुस्त कधी होतो ते आधी बघायचं. व्हिडिओच्या शेवटी लता त्या म्हातारीच्या तोंडाला प्रसादाचं दूध लावते. साखर घातलेलं, घट्ट. मग केळं. बायका आरती म्हणतात. आरती संपते, आणि म्हातारी पाय मागे घेऊन विचारते, माझ्या पायाला काय झालंय.

लताच्या मते देवी नैवेद्य घेऊन तृप्त होऊन गेली होती. कुंदाताईंना मात्र वाटलं, साखर पोटात गेली आणि कुंदा परत आली.

त्या तडक लताकडे गेल्या. हातात साखर तपासायचं मशीन.

"लता, येत्या गुरुवारी मी अशी झाले ना, की माझ्या बोटाला ही सुई टोचायची आणि रक्ताचा थेंब इथे लावायचा. बस."

लताने मशीनकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "देवीचं बोट टोचू?"

"माझं बोट."

"त्या वेळी ते तुमचं कुठे असतं?"

"अगं, माझ्या हाताला आहे ते."

"नाही बाई. मला मुलंबाळं आहेत. तुम्ही दुसऱ्या कुणाला सांगा. आणि कुंदाताई, रागावू नका, पण मिळालंय तर मिळू द्या ना. कुणाला मिळतं असं?"

राग कुणाचा करावा तेच कुंदाताईंना कळेना. मुलगा म्हणतो डोकं गेलं, शेजारीण म्हणते देवी आली. मध्ये जी बाई आहे, तिची कुणाला गरजच नाही.

शेवटी त्यांनी स्वरदाला फोन केला. सुनेला फोन करणं त्यांना जड गेलं, कारण दिवाळीत तिला नुसतं 'शैला' म्हटलं नव्हतं, 'शैला, तुला स्वयंपाक कधी जमलाच नाही' असंही म्हटलं होतं.

स्वरदाने सगळं ऐकून घेतलं. "आई, मग सोपं आहे. उपवासच करू नका."

"आणि श्रेयसला काय दाखवू? माझं तोंड? मी सांगून त्याला पटतं का काही? त्याला आकडा दाखवला पाहिजे."

"हे धोक्याचं आहे."

"म्हणून तर तुला बोलावतेय. लताला बोलावलं तर ती आरती करेल."

स्वरदा पलीकडे हसली, आणि आली. तिसऱ्या गुरुवारी ती दुपारपासून लॅपटॉप घेऊन बोरीवलीत येऊन बसली. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी. "चक्कर वाटली की मी वाट बघणार नाही हं," असं तिने दोनदा बजावलं.

कुंदाताईंनी सकाळची गोळी नेहमीसारखी घेतली होती, उपवास नेहमीसारखा धरला होता. संध्याकाळी बायका जमल्या, गेल्या वेळेपेक्षा जास्त. चौथ्या मजल्यावरच्या गुजराती वहिनीसुद्धा आल्या होत्या, ओटीचं सामान घेऊन. कुंदाताईंनी पोथी उघडली. पहिलं पान छान गेलं. दुसऱ्या पानावर अक्षरं जराशी सरकली. त्यांनी बोट ठेवलं, बोटही सरकलं. मग खोलीत खूप बायका आहेत हे त्यांना आवडेनासं झालं. कुणी बोलावलंय यांना? त्यातली एक पुढे आली, पंजाबी ड्रेसमधली, आणि तिने हात धरला.

"आई, बोट द्या."

"कोण तू?"

"स्वरदा. आपलं ठरलंय ना? बोट द्या."

"माझ्याशी कुणी काही ठरवलेलं नाही. सोड. ड्युटीवर आहे मी." आणि त्यांनी तिच्या मनगटावर फटकन मारलं.

बायकांमध्ये कुजबुज झाली. लता पुढे सरसावली. "अगं सोड त्यांना, कोप होईल."

"झाला तर माझ्यावर होऊ दे, लताकाकू. तेवढा हात धरा."

"मी नाही धरणार."

मग तो हात गुजराती वहिनींनी धरला. त्यांच्या सासऱ्यांचंही कधीतरी असंच झालं होतं. स्वरदाने सुई टोचली, थेंब लावला, आणि मशीनवर आकडा आला, बेचाळीस.

"बघा," स्वरदा सगळ्यांना मशीन दाखवत म्हणाली. "देवीला साखर कमी पडलीय. सरका."

तिने ग्लुकोज पाण्यात ढवळून घोटघोट पाजलं. निम्मं साडीवर गेलं. थोड्या वेळाने कुंदाताईंनी आधी आपली ओली साडी पाहिली, मग सुनेचं लाल झालेलं मनगट.

"मी मारलं?"

"ते राहू दे. आकडा बघा."

आकडा बघून कुंदाताईंना रडू आलं. आपण खरं सांगत होतो, हे बेचाळीसच्या आकड्याने सिद्ध होण्याइतकं रडवणारं दुसरं काही नसेल.

दुसऱ्याच दिवशी स्वरदाने त्यांना एका बाई डॉक्टरांकडे नेलं. त्यांचं नाव हेमांगी. वयाने श्रेयसपेक्षा लहान, बोलणं फटकळ. त्यांनी रक्त तपासलं, मूत्रपिंडांचा रिपोर्ट पाहिला, आधी उपाशीपोटी गोळी घेऊन प्रयोग केल्याबद्दल सासू-सुनेला सडकून बोलून घेतलं, आणि मग विचारलं, "ही गोळी किती वर्षं घेताय?"

"श्यामकांत होते तेव्हापासून."

"तेव्हा तुम्ही किती जेवत होतात?"

"तीन पोळ्या. भात. मासे असले की भात जास्त."

"आणि आता?"

"एक पोळी. कधी अर्धीच."

"तेव्हाचं शरीर वेगळं होतं, आजी. वय वाढतं तसे स्नायू झडतात, भूक मरते, अडीनडीला लागणारी साखर शरीर पहिल्यासारखी बाजूला ठेवत नाही. मूत्रपिंडं मंदावतात, म्हणजे सकाळची गोळी बाहेर पडायला उशीर होतो आणि ती संध्याकाळीही काम करत बसते. जेवण एका पोळीवर आलं, गोळी तीन पोळ्यांचीच राहिली. आणि मेंदूकडे स्वतःचं कोठार नसतं. त्याला घडीघडीला साखर लागते. ती कमी पडली की नावं जातात, शब्द जातात, माणूस चिडतो. तरुणपणी आधी घाम फुटतो, धडधडतं, म्हणून कळतं. या वयात बऱ्याचदा डोकंच आधी जातं. घरचे म्हणतात, म्हातारीला भ्रम झाला."

"घरचे तसं म्हणतात, शेजारचे वेगळं," कुंदाताई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी ती गोळी बंद केली, दुसरी सौम्य दिली. साखर थोडी वर राहिली तरी या वयात चालेल, पण अशी खाली पडायला नको, पुन्हापुन्हा पडली तर मेंदूलाही ते बरं नाही, हेही सांगितलं. उपाशी राहायचं नाही, हे तीनदा.

कुंदाताईंना वाटलं, सुटले. घरी येऊन त्यांनी श्रेयसला स्वतः फोन लावला.

"ऐकलंस?"

"हो, स्वरदाने सांगितलं. बरं झालं कळलं. पण आई, डॉक्टर गोळी बदला म्हणाल्या. डोकं ठीक आहे असं कुठे म्हणाल्या?"

"अरे, डोकं गोळीनेच..."

"असेल. पण रिस्क कशाला? उद्या पुन्हा झालं तर तिथे कोण आहे? लताकाकू? संक्रांतीनंतर मुलुंडला यायचं, एवढं नक्की ठेव."

कुंदाताईंनी फोन ठेवला. एकदा का माणसाला वेडं ठरवलं, की त्याचं शहाणपणही लक्षणातच जमा होतं.

आणि तेवढ्यात नमिता आली. अनुपमाची मुलगी, सव्वीस वर्षांची, बाहेर चप्पल न काढताच उंबऱ्यात उभी.

"काकू, आईला सांगा ना काहीतरी. कंपनीला पुढच्या शुक्रवारी नाही म्हणून कळवायचंय. ती म्हणते देवीने नको सांगितलंय."

कुंदाताईंच्या डोळ्यांसमोर तो धूर आला. "मी कापराला नको म्हणत होते गं."

"मला माहितीये. तिला सांगा."

त्या जिना चढून अनुपमाकडे गेल्या. नीट समजावून सांगितलं, गोळी, साखर, बेचाळीस, सगळं. अनुपमाने आदराने ऐकलं, चहा टाकला, त्यात साखर जरा जास्तच टाकली, आणि म्हणाली, "कुंदाताई, तुमचं बरोबर असेल. पण त्या वेळचं तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही तेव्हा तिथे नव्हताच की."

"मी नव्हते, तर मग नको कोण म्हणालं?"

"तेच तर मी म्हणतेय."

खाली घरी आल्यावर, वर परत जायचं, आरडाओरडा करायचा, मशीन आपटायचं, असं काय काय कुंदाताईंना वाटलं. मनात एक विचार असाही येऊन गेला की येत्या गुरुवारी थोडं डोलावं, डोळे फिरवावेत आणि 'जाऊ दे तिला' म्हणावं. काम दोन मिनिटांत झालं असतं. पण मग आयुष्यभर त्या बाईच्याच मागे लपून बोलावं लागलं असतं, आणि श्रेयसला आणखी एक व्हिडिओ मिळाला असता.

चौथा गुरुवार उद्यापनाचा. कुंदाताईंनी दुपारी ताटभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वर दही. चारला केळं. सासूबाई असत्या तर उपवासाची ही व्याख्या ऐकून त्यांनी डोळे मोठे केले असते. संध्याकाळी घर भरलं, दारापर्यंत. कहाणी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत इतकी स्वच्छ वाचली की तशी पूर्वीसुद्धा कधी वाचली नव्हती. बायका शेवटपर्यंत थांबल्या. कहाणी संपली, आरती झाली, तरी थांबल्या.

कुंदाताईंनी पोथी मिटली. "अनुपमा, इकडे बघ. मी कुंदा कर्णिक बोलतेय. मी जेवलेली आहे, शुद्धीत आहे. नमिताची नोकरी पाच तारखेपासून आहे, पगार तुझ्या नवऱ्याच्या शेवटच्या पगारापेक्षा जास्त आहे, राहायला कंपनीजवळ मुलींचं हॉस्टेल आहे. तिला जाऊ दे. त्या दिवशीचं नको हे नको नव्हतं. आजचं हे हो आहे."

अनुपमा हात जोडून तशीच बघत राहिली, त्यांच्या चेहऱ्याकडे नव्हे, थोडं वर. मग तिने लताला हळूच म्हटलं, "आज नाही आली वाटतं."

"उपवास मोडला ना त्यांनी," लता म्हणाली.

बायका हळदीकुंकू आणि केळं घेऊन एकेक करत उठल्या. दारात कुणी नीट बोललंसुद्धा नाही. शेवटी उरली नमिता.

"काकू, खरंच जेवलात ना?"

"खिचडी. भरपूर."

"मग ठीक आहे," नमिता म्हणाली, आणि गेली. त्याच रविवारी ती बॅग घेऊन बंगळूरला गेली, आईशी भांडून, वडिलांना सांगून.

अनुपमा जिन्यात भेटली तेव्हा तिने आधी काही बोलायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं, पण राहवलं नाही. "तुम्ही घालवलीत माझ्या मुलीला. चारचौघांत बोललात. देवी नाही, कुणी नाही, तुम्ही."

"हो. मी," कुंदाताई म्हणाल्या.

संध्याकाळी श्रेयसचा फोन आला. आवाज गोंधळलेला.

"आई, अनुपमाकाकूंचा फोन होता. म्हणाल्या, तुमच्या आईने आमच्या घरात आग लावली. मी म्हटलं, काकू, मनावर घेऊ नका, तिचं हल्ली जरा... तर माझ्यावरच ओरडल्या."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, जरा-बिरा काही नाही. तारीख, पगार, हॉस्टेल, सगळं घडाघडा बोलल्या. डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे त्यांचं, मुद्दाम केलंय. तसं लिहून द्यायलाही तयार आहेत."

"बरोबर आहे तिचं."

"म्हणजे तू मुद्दाम केलंस?"

"मग काय चुकून?"

पलीकडे श्रेयसला टॅक्सी बोलवायला काही निमित्त सापडत नसावं.

"मग मुलुंडचं काय करायचं?" शेवटी तो म्हणाला.

"शनिवारी येईन की. राहीन, जेवेन. स्वरदाला सांग, मासे मी करते. सोमवारी परत."

"बरं," तो म्हणाला, जरा नाराजीनेच. "गोळी नवीनच घेतेस ना?"

"नवीनच."

वरच्या मजल्यावर अनुपमाने दार आपटलं. भिंतीवरचा श्यामकांतचा फोटो किंचित हलला. कुंदाताईंनी तो सरळ केला नाही, कारण कुकरची तिसरी शिट्टी झाली होती, आणि जेवायला त्यांना आता उशीर करायचा नव्हता.